टाकोवहिनी

सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या शाहूपुरीत संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला कुठल्याही अपार्टमेंटचा जिना चढा. एखाद्या तरी दाराआडून लोणी तापल्याचा वास येईल आणि पाठोपाठ आवाज येईल, "अहो, थांबा! आधी फोटो, मग खा!" आत टाकोवहिनी आहेत असं खुशाल समजावं.

वय पंचेचाळीस ते साठ. माहेर साताऱ्याकडचं, सासर सांगलीचं, नाहीतर उलट. मुलगा हिंजवडीत, मुलगी बेंगळुरात. मिस्टर पाटबंधारे खात्यातून नाहीतर साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, किंवा व्हायच्या बेतात. घरात मिक्सर दोन, त्यातला एक बिघडलेला, पण टाकवत नाही म्हणून ठेवलेला. आणि फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात स्टीलचा एक डबा. या बाईंचं सगळं व्यक्तिमत्त्व त्या डब्यात आहे, कारण त्यात कालच्या चपात्या असतात.

पूर्वी या चपात्या सकाळी फोडणीत पडायच्या. कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट, वर कोथिंबीर. घरातली माणसं खायची, पण "आज पण?" म्हणून नाकंही मुरडायची. शिवाय फोडणीची चपाती पाहुण्यांपुढं ठेवता येत नाही. लोक काय म्हणतील! मग कधीतरी मुलानं पुण्याच्या मॉलमध्ये आईला टाको खाऊ घातला. वहिनींनी तो खाण्याआधी उलगडून पाहिला, उलटसुलट केला, बिलावर नजर टाकली आणि विचारलं, "ही दुमडलेली चपातीच ना रे?" त्या दिवसापासून त्यांच्या घरची शिळी चपाती सन्मानानं जगू लागली. तीच चपाती, पण अर्धी दुमडून, पोटात चीज घालून, लोण्यावर कुरकुरीत केली, की पाहुणा जाताना दारात चपला घालता घालता म्हणतो, "रेसिपी पाठवा हं वहिनी."

मेक्सिकोत काय करतात याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तिकडं मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, भिजत ठेवतात, वाटतात आणि त्याच्या पातळ भाकऱ्या करतात, हे मुलीनं एकदा मोबाइलवर दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "चुना? तो तुझ्या बाबांच्या तंबाखूपुरता बास." आणि मक्याचं पीठ? "मका इथं म्हशींना मुरघास करून घालतात. पाहुण्यांना काय वाढायचं ते मला कळतं."

पण राजम्यावर त्या अडल्या. टाकोत राजमा हवा, आणि राजमा दुकानातून विकत आणायचा म्हणजे माहेरचा अपमान! कारण माहेर कोरेगाव तालुक्यातलं, आणि तिथं वाघ्या घेवडा पिकतो. राजम्याचाच भाऊबंद, अंगावर पट्टे, म्हणून वाघ्या. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वहिनींनी ती बातमी सासरच्या ग्रुपवर टाकली होती, काहीही न लिहिता. सासरकडून कुणीतरी नुसता अंगठा पाठवला. दोन वर्षांनी सांगलीच्या हळदीला मानांकन मिळालं, तेव्हा मात्र त्याच ग्रुपवर तीन दिवस फुलं पडत होती. वहिनी ते विसरलेल्या नाहीत. टाकोत वाघ्या घेवडा पडतो तो चवीसाठी थोडा आणि हिशेब चुकता करण्यासाठी जास्त.

गंमत अशी की घेवडा, मका, टोमॅटो, मिरची हे सगळं बिऱ्हाड मुळात अमेरिका खंडातलं. मिरची तर पोर्तुगीजांच्या गलबतांतून इकडं आली. म्हणजे वहिनींच्या टाकोत परकं काही असलंच तर ते चीज आणि गहू. पण हे त्यांना सांगायची सोय नाही. "ठेचा मेक्सिकोचा म्हणता?" एवढं विचारून त्या खलबत्त्याकडं बघतात, आणि बोलणारा हळूच पावसापाण्याकडं वळतो.

त्यांचा आवडता शब्द 'झटपट'. "काही नाही हो, दहा मिनिटांचं काम." या दहा मिनिटांची तयारी आदल्या रात्री सुरू होते. घेवडा रात्री भिजत पडतो, सकाळी कुकरला लागतो. दुपारी मिस्टरांना कांदा चिरायला बसवतात, आणि तो बारीक नाही म्हणून परत चिरायला लावतात. चीजचा 200 ग्रॅमचा डबा फ्रीजच्या दाराआड भाज्यांच्या पिशवीमागं लपवलेला असतो, कारण आठ क्यूब आणि घरात उंदीर दोन पायांचे. एका टाकोला अर्धा क्यूब, हा घरचा कायदा. चांदीचा कागद सोलताना कोपऱ्याला चिकटलेलं चीजसुद्धा त्या नखानं काढून किसणीवर लावतात. मुलगा फोनवर सांगतो, "आई, मोझरेला आण, त्याला तार सुटते." वहिनी म्हणतात, "चाळीस वर्षं पाकाची तार बघतेय. चीजची तू मला शिकवू नको."

पण एकदा लोखंडी तवा तापला, की मग त्यांच्याकडं बघत राहावं. सारण चपातीच्या अर्ध्या भागावर, काठापासून बोटभर आत. वर चीज, वर अर्धी चपाती. उलथन्यानं दाब, पण जोर नाही. खालून चुरचुर सुरू झाली की कान देऊन ऐकायचं, डोळ्यांनी बघायचं नाही. चीजचा एक ओघळ बाहेर येतो, तव्यावर पसरतो, फेसाळतो, तांबूस जाळी धरतो. तेवढ्यात उलटायचं. ती जाळी उलथन्याच्या टोकानं खरवडून वहिनी उभ्या उभ्या तोंडात टाकतात. तिची वाटणी होत नाही, नातवंडं आली तरी नाही.

ताज्या चपातीचा टाको होत नाही, हे त्यांचं ठाम मत, आणि ते बरोबर आहे. ताजी चपाती लुसलुशीत. दुमडली की लोळते, सारणाचं पाणी पिते, हातात घेतली की मान टाकते. एक रात्र काढलेली चपाती अंगानं कोरडी झालेली असते, म्हणून खडखडीत होते. वहिनी आता मुद्दाम चार चपात्या जास्त लाटतात, उरवायला. काटकसरीसाठी केलेल्या या पदार्थापायी घरातलं गव्हाचं पीठ आधीपेक्षा लवकर संपतं, पण हा हिशेब मिस्टरांनी अजून तोंडातून काढलेला नाही.

ताटात पडल्यावर काय होतं ते थोडक्यात सांगतो. सासूबाई पहिला घास घेऊन म्हणतात, "छान झालंय गं धिरडं." मिस्टर तीन खातात आणि विचारतात, "भात लावलायस ना?"

खरा सामना असतो थोरल्या बहिणीशी. ती साताऱ्यातच दिलेली, तिथली टाकोताई. ती सारणाला ठेचा लावते. सांगलीच्या वहिनी वरून भडंग भुरभुरतात, कुरकुरीतपणासाठी. फोनवर दर रविवारी जुंपते. "भडंग? अगं, टाको करतेस का भेळ?" "आणि तुझं गं काय? ठेचा-चपाती दुमडून दिलीस की झालं!" माहुलीवरून गेलेली कृष्णा मुकाट सांगलीत आयर्विन पुलाखालून वाहते, पण ठेचा काही कराडच्या खाली उतरत नाही आणि भडंग कराडच्या वर चढत नाही.

कराडलाच परवा एका लग्नात दोघी भेटल्या. मंगल कार्यालयात चाट आणि चायनीजच्या शेजारी मेक्सिकन काउंटर होता, मागं मोठी टोपी घातलेला पोरगा. अक्षता पडल्या न पडल्या तोच दोघी पदर खोचून तिथं हजर. वधूवरांना भेटायचं राहिलं होतं. थोरलीनं सारण हुंगलं, धाकटीनं टाको चिमटीत धरून उचलला. तो मधोमध वाकला आणि चीज ताटात सांडलं.

"काय रे बाळा," धाकटीनं विचारलं, "चपाती कधीची?"

"ताजी आहे मावशी! आत्ताच भाजली."

"तरीच," थोरली म्हणाली, आणि दोघी मसालेभाताच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.