फेरारीवाले काका

आमच्या सोसायटीतले फेरारीवाले काका स्वतः जुनी वॅगन-आर चालवतात. कात्रजचा उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकतात, सिग्नलला इंजिन बंद करतात, आणि काटा साठच्या वर गेला तर शेजारी बसलेल्या काकूंच्या आधी त्यांनाच घाम फुटतो. टायरांवरची नक्षी कधीच पुसली गेली आहे, पण ‘अजून एक पावसाळा सहज जातील’ हे त्यांचं दर मे महिन्यातलं मत. हाच माणूस रविवारी संध्याकाळी साडेसहाला लाल टोपी घालून टीव्हीसमोर बसतो आणि ताशी तीनशेनं निघालेल्या फेरारीच्या लेक्लेरला ओरडून सांगतो, ‘अरे, दाब की!’

फॉर्म्युला वनचे असे भक्त हल्ली दर दोन-तीन इमारतींमागे एक सापडतात. लग्नाची पत्रिका हातात पडली की यांचा पहिला प्रश्न मुहूर्ताचा नसतो, ‘त्या रविवारी रेस आहे का?’ हा असतो. युरोपातली शर्यत असेल तर साडेसहा, म्हणजे रिसेप्शन गेलंच. ब्राझील रात्री साडेदहाला. मेक्सिको मध्यरात्रीनंतर दीड वाजता, त्यामुळे त्या सोमवारी काका ऑफिसात असतात, पण नसतातही. मेलबर्न तेवढं सकाळी पोह्यांबरोबर उरकतं, म्हणून ऑस्ट्रेलिया हा देश काकूंना मनापासून आवडतो.

‘नुसत्या गोल गोल तर फिरतात गाड्या, त्यात बघायचं काय?’ असं कुणी विचारलं की काका चिडत नाहीत. उलट खुलतात. मग अंडरकट समजावला जातो: पुढच्याच्या आधी पिटमध्ये शिरायचं, दोन-अडीच सेकंदांत चारही टायर बदलून घ्यायचे, ताज्या टायरवर एक-दोन फेऱ्या जीव तोडून मारायच्या, म्हणजे तो आपले टायर बदलून बाहेर येईतो आपण त्याच्या पुढे. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी हे मला ताटातल्या पदार्थांवरून करून दाखवलं. माझी जिलबी पिटमध्ये गेली, ती परत ट्रॅकवर आलीच नाही.

आता, एवढी निष्ठा फेरारीवरच का? मराठी घरांत हे नाव खऱ्या अर्थानं शिरलं ते सचिनमुळे. 2002 साली त्यानं ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केली, शूमाकरनं त्याला सिल्व्हरस्टोनला फेरारी दिली, आणि पुढे तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून एवढा गदारोळ झाला, की देव्हाऱ्यासमोर बसलेल्या आजीलाही ती गाडी कळली. त्या वर्षांत शूमाकर जिंकतच होता; 2000 ते 2004 अशी ओळीनं पाच विजेतेपदं. काका तेव्हा लाल झाले. पण माझं स्पष्ट मत असं, की फेरारी तशीच जिंकत राहिली असती तर काकांचा उत्साह केव्हाच आटला असता. मराठी माणसाला धरून ठेवायचं तर पानिपत लागतं.

ते फेरारीनं सढळ हातानं पुरवलं. 2007 मध्ये रायकोनेन एका गुणानं विश्वविजेता झाला. त्यानंतर 2025 संपलं तरी फेरारीच्या ड्रायव्हरला तो मान मिळालेला नाही. त्या 2007 बद्दल विचारा, काका दोन वाक्यांत आटोपतात. 2008 बद्दल विचारायचं तर आधी घरी फोन करून ‘जेवायला थांबू नका’ म्हणून सांगावं. सिंगापूरला फेरारीचा ड्रायव्हर मासा इंधनाची नळी गाडीला तशीच लोंबकळत ठेवून पिटमधून निघाला, तिथून कथा सुरू होते. ब्राझीलला तोच मासा शर्यत जिंकतो. फेरारीच्या गोटात उड्या पडतात. प्रतिस्पर्धी हॅमिल्टन सहावा आहे, विजेतेपदासाठी त्याला पाचवं यायला हवं. इथे काका पाणी पितात. शेवटच्या फेरीची शेवटची वळणं, पाऊस, आणि कोरड्या टायरांवर घसरत चाललेला टिमो ग्लॉक. हॅमिल्टन त्याला मागे टाकतो. विजेतेपद एका गुणानं गेलं!

तेव्हापासून काकांच्या शब्दकोशात नको त्याला वाट देणारा प्रत्येक जण ‘ग्लॉक’ असतो. गेटवर दुसऱ्या विंगच्या गाडीला आधी आत सोडणारा वॉचमन ग्लॉक. उलट, हॉर्न वाजवून वाजवून अंगठा दुखला तरी साइड न देणारा सिंहगड रस्त्यावरचा टेम्पो हा ‘पेट्रोव्ह’. 2010 मध्ये अबू धाबीला फेरारीचा अलोन्सो विजेतेपद हाताशी असताना फेऱ्यांमागून फेऱ्या पेट्रोव्हच्या मागे अडकून पडला होता. 2022 मध्ये झांडवूर्टला फेरारीचा साइन्झ पिटमध्ये आला तेव्हा चौथा टायर तयारच नव्हता, हे सांगताना तर काकांच्या चेहऱ्यावर चक्क तेज येतं.

2011 साली ते ग्रेटर नोइडाला भारतातली पहिली शर्यत बघायला गेले होते. सरावाच्या वेळी ट्रॅकवर कुत्रं आलं, तेव्हा आजूबाजूचे लाजले. काकांना मात्र तिथे पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. शर्यत फेटलनं जिंकली, मासाचं सस्पेन्शन मोडलं, शेवटचा झेंडा सचिननं हलवला. 2013 नंतर तिथे शर्यत झाली नाही. पण त्या व्ही-एट इंजिनांचा आवाज काकांनी कानात जपून ठेवलाय. 2014 पासूनच्या हायब्रिड गाड्या त्यांना मिक्सरसारख्या वाटतात.

ही तक्रार त्यांची पुतणी ऐकून घेत नाही. ती ‘ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह’ बघून या पंथाला लागलेली. ‘तू शूमाकर पाहिलायस का?’ हा काकांचा हुकमी एक्का. ‘तुम्ही टायरचं तापमान कधी बघता का?’ हा तिचा. चर्चा तिथेच थांबते, कारण काका तापमान बघत नाहीत, नशीब बघतात.

2025 मध्ये मात्र काकांची खरी परीक्षा झाली. हॅमिल्टन फेरारीत आला. ज्याच्या नावानं इतकी वर्षं बोटं मोडली, तोच लाल कपडे घालून दारात उभा. काका चार दिवस गप्प होते. मग म्हणाले, ‘मुलगी दिली की जावयाचं मागचं काढू नये.’ चीनमध्ये शनिवारची स्प्रिंट त्यानं जिंकली तेव्हा काकांनी ‘बरं झालं’ म्हणून टीव्ही बंद केला. अशा वेळी त्यांना सुचतच नाही काही. रविवारी मुख्य शर्यतीनंतर दोन्ही फेरारी बाद ठरल्या. हॅमिल्टनच्या गाडीखालची फळी अर्ध्या मिलिमीटरनं जास्त झिजली होती, आणि लेक्लेरच्या गाडीचं वजन किमान 800 किलोला एक किलो कमी भरलं होतं.

काका ताडकन उठले. पुतणीला फोन गेला, मग मला. आवाजात वीस वर्षांनी तरुण झाल्याची चमक. ‘एक किलो! पिट स्टॉप एकच केला, टायर झिजले, रबराचं वजन गेलं. झिजलेल्या टायरवर गाडी ओढायचीच कशाला म्हणतो मी?’ हे बोलणाऱ्या गृहस्थांची वॅगन-आर खाली गुळगुळीत टायरांवर उभी होती.

‘एक किलोच ना?’ स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. ‘मग त्या पोराला दोन घास जास्त का नाही घातले?’

काका हसायच्या बेतात होते. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की गाडीचं किमान वजन नियमाप्रमाणे ड्रायव्हरसकट धरतात. फोनवर बराच वेळ नुसता कुकरच्या शिट्ट्यांचा आवाज. मग काकांनी पडेल स्वरात मला विचारलं, ‘मारानेल्लोला, फेरारीला पत्र टाकायचं तर ते इंग्रजीत चालेल, की इटालियनच लागेल?’