आमचाच रुपया बारीक

महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो हे मोबाइल कंपन्यांनी परस्पर ठरवलं आणि आपण ते मुकाट मान्य केलं, याची मला फार चीड येते. दुधाचा हिशेब महिन्याचा, शिकवणीची फी महिन्याची, बचत गटाची बैठक महिन्याच्या ठरल्या तारखेला. रिचार्ज तेवढा अठ्ठावीस दिवसांनी संपतो. ३६५ ला २८ नं भागा, तेरा येतात. वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा. तीनशेच्या आसपासचा रिचार्ज आणि घरात तीन फोन धरले, तर वर्षाला नऊशे रुपये असे जातात की गेलेले कळतही नाहीत. दूरसंचार नियामक ट्रायनं २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक तीस दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला संपणारा प्लॅन ठेवायला लावलं. असे प्लॅन आहेत. पण आमच्या सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावात आम्ही जिथं रिचार्ज मारतो, तिथं आपण होऊन ते कुणी सांगत नाही, आणि विचारले की उत्तर मिळतं, "काकू, दोन दिवसांनी काय फरक पडतोय?"

फरक पडतो. आमच्या घरावर पीककर्ज आहे, बचत गटाचं आहे आणि एका लग्नात घेतलेलं खाजगी कंपनीचं गटकर्ज आहे. ते फेडायला वरकमाई नाही, सवयी आहेत. तूर निघाली की तुराट्यांच्या मोळ्या बांधून ठेवायच्या आणि आंघोळीचं पाणी चुलीवर तापवायचं, म्हणजे गॅसची टाकी जास्त पुरते. उन्हाळ्यात खारोड्या, सांडगे, कुरडया घरीच घालायच्या. येसर करून डबा भरून ठेवायचा. घरात भाजी नसली तरी जवारीच्या भाकरीबरोबर आमटी होते. टोमॅटो महागला की चिंच वापरायची. लेकरांच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं काढून त्यांची एक वही शिवायची. ही कामं मला कमीपणाची वाटत नाहीत. मी ती नीट करते आणि दर महिन्याला काहीशे रुपये त्यातून खरोखर उरतात. राग येतो तो याचा, की आम्ही जे रुपया-रुपयानं राखतो ते आमच्याकडून रुपया-रुपयानंच काढून घेतलं जातं, आणि घेणारा प्रत्येक जण सांगतो की रक्कम अगदी बारीक आहे.

तेलाची पिशवी घ्या. एक लिटर गोडेतेल वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. पूर्वी तेल ठरावीक मापाच्या पिशवीतच विकावं लागायचं. ते बंधन काही वर्षांपूर्वी उठलं आणि ८५०, ८००, ७५० ग्रॅमच्या पिशव्या आल्या. उंची तीच, रंग तोच, पुढचं सूर्यफूलही तेच. किंमत दहा-पंधरा रुपयांनी कमी दिसते म्हणून हात तिकडंच जातो. आमच्या घरात तेल ओतून झाल्यावर पिशवी कात्रीनं उभी कापतात आणि आतून भाकरीचं पीठ फिरवतात, कारण पिशवीला चमचाभर तेल चिकटलेलं असतं. मी इकडं त्या चमच्यासाठी पीठ फिरवत असते आणि तिकडं पिशवी भरतानाच शंभर ग्रॅम कमी भरलेलं असतं. किलो-लिटरहून लहान पुड्यावर आता एका ग्रॅमची किंवा एका मिलिलिटरची किंमत छापणं सक्तीचं आहे, आणि खरेदी करताना तीच बघावी, बाकी काही बघू नये. ती इतक्या बारीक अक्षरांत असते की मला पिशवी दाराच्या उजेडात न्यावी लागते. मागं उभी असलेली माणसं तेवढ्यात "आवरा की बाई" म्हणतात. त्यांच्याही हातात तीच पिशवी असते.

सुट्ट्या पैशांचं तर विचारू नका. दुकानात दोन रुपये परत यायचे असतात, मिळतात दोन गोळ्या. त्याच गोळ्या पुढच्या वेळी दोन रुपये म्हणून दिल्या तर कुणी घेत नाही. दहाच्या नाण्याची अडचण वेगळीच. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं होतं की दहाच्या नाण्याचे चौदा नमुने चलनात आहेत आणि सगळे वैध आहेत. तरीही ते नाणं बाजारात पुढं केलं की "हे चालत नाही" असं ऐकावं लागतं. शिल्लक टाकायचा आमचा डबा नाण्यांनीच भरतो. नाणं न घेणं म्हणजे आमची शिल्लक न घेणं, हे नाणं नाकारणाऱ्याला एकदा बसून समजावायची माझी तयारी आहे.

घरातल्या माणसांबद्दलही बोललं पाहिजे. वीजबिलात पहिली शंभर युनिटं एका दरानं आणि त्यापुढची तीनशेपर्यंतची दुसऱ्या दरानं लागतात. २०२४-२५ च्या दरपत्रकात घरगुती ग्राहकाला शंभरपर्यंत युनिटमागं ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ पासून १० रुपये २९ पैसे असा वीज आकार होता. वहन आकार, स्थिर आकार वेगळे. नुसता वीज आकार धरला तर एकशे एकावं युनिट शंभराव्याच्या दुपटीहून महाग. हे मी ओसरीवरच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलं आहे. तरी ओसरीत कुणी नसताना पंखा फिरतो, टीव्ही रिमोटनं बंद होतो आणि त्याचा लाल दिवा रात्रभर जळतो. उठून बटण बंद केलं की मला सांगतात, "एका युनिटानं काय होतंय?" शंभरच्या आत असलो तर फार होत नाही. शंभर ओलांडले की होतं. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तरी माझं ऐकावं, एवढंच मागणं आहे.

आणि पाहुणे. जवळच नरसी आहे, संत नामदेवांच्या दर्शनाला येणारे पाहुणे वाटेत आमच्याकडं टेकतात, त्याचा मला आनंदच आहे. चहा करायला मी कधी कंटाळले नाही. मला त्रास होतो तो कपात उरवलेल्या अर्ध्या चहाचा. तो चहा दुधाचा असतो, साखरेचा असतो, त्यावर गॅस जळलेला असतो, आणि तो मोरीत ओतावा लागतो. म्हणून अर्धा कप दिला तर गावभर सांगतात की त्या घरात हात आखडता आहे. लग्नातल्या टॉवेल-टोपीचंही तसंच. पत्रिकेवर "आहेर आणू नये" असं छापतात आणि मांडवात टॉवेल-टोपी घेऊन पाहुण्यांना बसवून ठेवतात. तो टॉवेल अंग पुसायच्या कामाचा नसतो, ती टोपी कुणी घालत नाही. दोन्ही वस्तू कपाटात पडतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर जातात. एका लग्नात शंभर माणसांचा असा मान केला तर चार-पाच हजार रुपये उडतात, आणि ते बहुतेक वेळा व्याजानं काढलेले असतात. एखाद्या घरानं हे बंद केलं तर त्या घराला नाव न ठेवता शाबासकी द्यावी.

काटकसर करा, बाहेरचा चहा सोडा, कर्ज फिटेल, असं मोबाइलवर आणि व्याख्यानांत सांगणाऱ्यांचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. मी स्वतः काटकसर करते, म्हणून हा हिशेब मांडते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. मराठवाड्यातल्या मोंढ्यांवर तेव्हा पुष्कळांचं सोयाबीन चार हजार ते सव्वाचार हजारांना गेलं. क्विंटलमागं सातशेची तूट धरली, तर दहा क्विंटलांना सात हजार. बाहेरचा दहा रुपयांचा चहा रोज सोडला, तर सात हजार जमायला जवळजवळ दोन वर्षं लागतात. ती दोन वर्षं मोंढ्यावर एका दुपारी मोजून जातात. हमाली, तोलाई त्यानंतरची. नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्याच सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी आमचे अवयव विकत घ्या आणि आमचं कर्ज फेडा, असं मुख्यमंत्र्यांना लिहून कळवलं होतं. किडनी, यकृत, डोळे यांचे दरही सोबत दिले होते. त्या माणसांना चहा सोडायला सांगायची कुणाची छाती असेल तर त्यानं गोरेगावात येऊन सांगावं.

शेतीची तूट एका खात्यात आणि घराचं कर्ज दुसऱ्या खात्यात धरावं. पहिल्याला भाव लागतो, पाऊस लागतो, विमा वेळेवर लागतो. दुसऱ्याला आमच्या सवयी पुरतात, पण उरलेला रुपया कुठं टाकायचा हे कळलं तर. महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. लाखाला महिना तीन हजार, रोजचे शंभर रुपये नुसतं व्याज. असं कर्ज असेल तर शिल्लक आधी तिथं जावी. "बारा टक्के फ्लॅट" म्हणून देतात तेही तपासावं. एक लाख, दोन वर्षं, चोवीस हप्ते, प्रत्येकी ५,१६७ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर घेतात, म्हणून खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो. हे कागदावर मांडून दाखवलं की देणारा म्हणतो, हप्त्यात दोनचारशेचाच तर फरक आहे.

पीककर्जाचं उलटं आहे. तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की ते सगळं जातं. तरी भरायची वेळ आली की शेजारी हटकून सांगायला येतात, "भरू नका, माफी व्हणार हाय." २०१७ ला झाली, २०१९ ला झाली, हे मला माहीत आहे. ज्यांचं खरंच फिटण्यासारखं नव्हतं, त्यांची ती व्हायलाच हवी होती. पण माझ्या दारात उभं राहून मला थकबाकीदार व्हायचा आग्रह करू नये. नियमित भरणाऱ्याला खुळ्यात काढायची ही पद्धत मला अजिबात आवडत नाही.

बचत गटाबद्दल माझी काही तक्रार नाही. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब ही पंचसूत्री आमच्या बायका पाळतात, आणि व्याज गटातच राहतं. खाजगी कंपनीच्या गटकर्जाची गोष्ट निराळी. एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्यांना तिथंच बसवून ठेवतात, मग रोजंदारीची वेळ निघून जाते. एका बाईच्या सातशे रुपयांसाठी दहाजणींची सकाळ जाते, आणि या दहा सकाळी कोणत्याच पावतीवर लिहिल्या जात नाहीत. अशा कर्जांसाठीचे रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम वाचून घ्यावेत. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. उशीर झाला तर दंड थकलेल्या रकमेवरच, पूर्ण कर्जावर नाही. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही. आमच्याकडं फोन सकाळी सात वाजता येतो, भाकरी तव्यावर असताना. मी नियम सांगितला तर वसुलीचा पोरगा म्हणाला, "मावशी, दोन तासांनी काय व्हतंय?" आणि डब्यातली दहाची नाणी मोजून दिली तर ती त्यानंही घेतली नाहीत.

आता शेवटची तक्रार, आणि ती चालू आहे. आमचं एक जुनं वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटलं. बेबाकी प्रमाणपत्र हातात आलं. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा मात्र तसाच आहे. तो उतरवायला फेरफार घ्यावा लागतो, त्याला अर्ज लागतो, झेरॉक्स लागतात, आणि खिडकीतून सांगतात की फिटलं आहे ना, मग कागदावर राहिलं तर काय बिघडलं. दुसरीकडं कर्ज मागायला गेलं की तोच कागद बघून नाही म्हणतात, हे बिघडलं. रिझर्व्ह बँकेचा वैयक्तिक कर्जांसाठीचा सप्टेंबर २०२३ चा आदेश असा आहे की कर्ज पूर्ण फिटल्यापासून तीस दिवसांत कर्ज देणाऱ्यानं मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. त्याच्याकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यायची. १ डिसेंबर २०२३ ला किंवा त्यानंतर जिथं कागदपत्रं परत करायची वेळ येते, तिथं हे लागू आहे, आणि सहकारी बँकाही त्यात येतात. मी अर्ज दोन प्रतींत केला, एक बँकेत आणि एक महसूल कार्यालयात. दोन्हीवर बेबाकीची तारीख ठळक लिहिली. दोन्हीकडं "पोच कशाला, ठेवून जा की" असं म्हणाले. मी पोच घेतली, शिक्क्यासकट. तीस दिवस भरले की उशीर कुणाचा हे लेखी विचारणार आहे, आणि तो बँकेचा निघाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५,००० मागणार आहे, एक रुपयाही न सोडता.