हेल्मेटविना मारुती

हेल्मेट न घालता मारुती चालवल्याबद्दल आमच्या सोसायटीतल्या निवृत्त हेडमास्तरांना कोर्टाचं समन्स आलं. जन्मभर दुसऱ्यांना बाकावर उभं करणाऱ्या सरांवर आता पिंजऱ्यात उभं राहायची पाळी आली होती.

घडलं होतं एवढंच. चौकात नाकाबंदी होती. हवालदारानं गाडी बाजूला घ्यायला लावली. सरांनी लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी अशी क्रमवार लावलेली फाइल पुढे केली. हवालदारानं ती उलटसुलट चाळली, काहीच सापडेना म्हणून जरा खट्टू झाला, हातातल्या मशीननं गाडीचा फोटो काढला, काहीतरी दाबलं आणि 'जावा सर' म्हणाला. ते 'काहीतरी' म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ड निघालं. दुचाकीवर हेल्मेट नसणे. केंद्रीय कायद्यात त्याला हजार रुपये दंड आहे आणि वर तीन महिने लायसन बाद.

सोसायटीचं एकमत झालं : भरून टाका. पाण्याच्या टँकरवरून गेली दोन वर्षं ज्यांचं एकमत होत नाही, त्यांचं हे एकमत. 'माझी पाच चलानं पेंडिंग आहेत, पाचही खरी आहेत. मला कधी कोर्टाचा कागद आला नाही,' असं सेक्रेटरींनी अभिमानानं सांगितलं. पहिल्या मजल्यावरचे वकीलसाहेब जमिनीच्या केसेस चालवतात, पण मत सर्व विषयांवर देतात. त्यांनी कलम २०८ काढून दाखवलं. किरकोळ गुन्ह्याच्या समन्समध्ये कोर्टानं आरोपीला सांगायचं असतं की, बाबा रे, गुन्हा कबूल असेल तर तसं रजिस्टर पत्र लिही आणि दंडाची मनीऑर्डर कर, येण्याची तसदी घेऊ नकोस.

'आणि कबूल नसेल तर?' सरांनी विचारलं.

'तर स्वतः यायचं, नाहीतर वकील द्यायचा.'

१९८८ साली हा कायदा करणाऱ्यांना आपलं गिऱ्हाईक पक्कं ठाऊक असणार. गुन्हेगाराची सोय घरपोच, निर्दोष माणसानं मात्र अकरा वाजता हजर.

सरांनी आधी ऑनलाइन तक्रार केली. उत्तर आलं : प्रकरण न्यायालयात असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे. मग ते फाइल घेऊन चौकीवर गेले. तिथल्या साहेबांनी चलानवरचा फोटो मोठा करून पाहिला. फोटो बाजूनं काढलेला.

'यात दोनच चाकं दिसतात की.'

'पलीकडे आणखी दोन आहेत.'

'ते तुम्ही म्हणता. फोटोत नाहीत.'

सरांनी आरसी दाखवली, त्यावर 'मोटार कार' असं छापलेलं दाखवलं, शेवटी फोटोतलं छप्पर आणि वायपरही दाखवला. साहेब विचारात पडले. मग म्हणाले, 'सर, लोकअदालतीत जा. तिथे मिटतं.'

लोकअदालत ही आपल्याकडची खरोखर चांगली सोय आहे, हे मी उपहासानं म्हणत नाही. १९८७ च्या कायद्यानं तिला कायदेशीर दर्जा मिळाला, तिथल्या निवाड्यावर अपील नाही, वर्षानुवर्षांची भांडणं तिथे दुपारच्या चहाआधी संपतात. फक्त तिथे तडजोड करावी लागते, आणि तडजोडीला थोडा तरी गुन्हा हातात असावा लागतो. 'मी तडजोड कशात करू? अर्धं हेल्मेट घातलं होतं म्हणू?' सरांनी टेबलापलीकडच्यांना विचारलं. त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. पुढचा एक कॉलेजकुमार होता. ट्रिपल सीट, सिग्नल तोडलेला, हेल्मेट नाही, फोनवर बोलणं चालू. सगळं कबूल. त्यानं मोबाइलवरून पैसे भरले, सरांच्या पाया पडला (त्याचे वडील सरांचे विद्यार्थी) आणि निघून गेला.

उरलं कोर्ट. स्टॅम्पवेंडरच्या टपरीशेजारी बसलेल्या एका वकिलानं सरांना फुकट सल्ला दिला, 'नॉट गिल्टी म्हणू नका काका, तारीख पडेल.' सर म्हणाले, आणि पडली. पुढची तारीखही पडली, कारण हवालदार बंदोबस्तावर होता. एकदा शिपायानं पुकारा केला तेव्हा सर लघवीला गेले होते, आणि त्यांचं वॉरंट निघता निघता राहिलं.

अखेर न्यायाधीशांनी कागद पाहिले. आधी फोटो, मग आरसी, मग बराच वेळ वर फिरणारा पंखा. अर्ध्या मिनिटात सर निर्दोष सुटले. न्यायाधीशांनी 'त्रास झाला' असंही म्हटलं, जे म्हणायची त्यांना कायद्यानं सक्ती नव्हती.

पण सिस्टीममध्ये चलान पेंडिंगच दिसत होतं. निकालाच्या नकलेसाठी अर्ज, अर्जाला तिकीट, नकलेवर शिक्का, हे सगळं करून सर दंडाच्या खिडकीशी पोचले. खिडकीतल्या बाईंनी नक्कल दोन्ही बाजूंनी वाचली.

'म्हणजे भरायचं काहीच नाही?'

'नाही.'

'मग सर, माझ्याकडे एंट्री कशी होणार? इथे रक्कम टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.'

'शून्य टाका.'

त्यांनी टाकून पाहिलं. घेत नव्हतं. मागून रांगेतला कुणीतरी ओरडला, 'ओ काका, एक रुपया भरा आणि मोकळे व्हा!' बाईंचा चेहरा उजळला. सरांनी नक्कल घडी करून फाइलमध्ये ठेवली आणि साहेब कधी भेटतात ते विचारलं.

'सोमवारी,' बाई म्हणाल्या. 'येताना चारही चाकं दिसतील असा फोटो आणा.'