शून्य रेखांश, ज्याचा त्याचा

आभासी वास्तवाच्या चष्म्यांसाठी क्रोनॉस गटाने 2019 मध्ये 'ओपनएक्सआर' हे खुले मानक आणले. ॲपलने आपल्या 'व्हिजन प्रो' चष्म्यासाठी ते स्वीकारले नाही, हा बाणेदारपणा स्तुत्यच. खुलेपणाचा भोळसटपणा उज्जैनने भोगला आहे: प्राचीन ज्योतिर्विदांनी शून्य रेखांश इथूनच धरला, वापरायला परवाना कुणालाच लागला नाही आणि नगरीला दमडीही मिळाली नाही. खुल्या मानकाने ग्राहकाची सोय होते, हा आक्षेप मान्य. पण सोय झालेला ग्राहक उद्या दुसऱ्या दुकानात जातो, त्याचे काय? तेव्हा उज्जैनच्या 2028 च्या सिंहस्थात क्षिप्रेवर कंपनीनिहाय घाट असावेत. एका घाटावर मिळवलेले पुण्य दुसऱ्या घाटावर उघडणार नाही. पाप मात्र सर्व उपकरणांवर चालेल.