व्यंकोजीराजांचा हलगर्जीपणा
1898 च्या प्लेगनंतर वाढलेल्या बंगळूरच्या मल्लेश्वरमला ज्याचे नाव लाभले, त्या काडू मल्लेश्वराच्या देवळास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी 1669 साली एक गाव इनाम दिले, तो मजकूर शिळेवर कोरविला, आणि देवापुढच्या वाद्यांनी समाजात कितपत परिवर्तन घडले याचा त्रैमासिक अहवाल मागण्याचे मात्र साफ विसरले.

आज त्याच वस्तीच्या कडेला व्हायोलिनवादक चौडय्यांच्या स्मरणार्थ, खुंट्या-तारांसकट व्हायोलिनच्या आकाराचे सभागृह उभे आहे. कलेला पैसा देण्याची रीत मात्र आता निराळी: आपल्याकडील विद्वज्जन कलानुदानातील समतेचे संशोधन करून अशा निष्कर्षाप्रत पोचतात की, इंग्रजी अर्ज व लेखापरीक्षित ताळेबंद यांच्या अभावी खेड्यातील कलावंतास दमडी मिळत नाही, सबब या विषयावर अधिक संशोधन व्हावे आणि त्यास अनुदान मिळावे. (अर्ज अर्थातच इंग्रजीत.)

इकडे महाराष्ट्रात वृद्ध कलावंताच्या मानधनासाठी, उभी हयात फडावर घालवलेल्या ढोलकीवाल्याने उत्पन्नाचा दाखला, कलेचे पुरावे आणि खेरीज दरसाल हयातीचा दाखला सरकारदप्तरी रुजू करावयाचा असतो. समतेच्या अहवालांना ही शेवटची अट अद्याप लागू झालेली नाही.