अव्वा कुठे गेला?

'अव्वाच्या सव्वा' यातला सव्वा आपल्या ओळखीचा. आजोबांच्या पिढीने सव्वाकी पाठ केली होती, तिच्यात चाराचे पाच व्हायचे. पण हा अव्वा कोण? जाणकार म्हणतील, 'अर्थबिर्थ'मधल्या 'बिर्था'सारखा नादापुरता आला असावा. मला नाही पटत. अव्वा म्हणजे खरा भाव. गिऱ्हाईकाला तो कळला नाही की सव्वा आपोआप होतो.

पुरावा आमच्याच कर्जत तालुक्यात आहे. मार्च २०२५मध्ये माथेरानकरांनी गाव बंद ठेवलं. तक्रार अशी की, दस्तुरी नाक्यावर उतरलेल्या पाहुण्याला 'पुढे गाडी नाही, ई-रिक्षा नाही' असं सांगून घोड्यावर चढवतात. मिनी ट्रेनचं अमन लॉज स्टेशन तिथून चालत गाठता येतं. म्हणजे भांडण घोड्याच्या भाड्याचं कमी, अव्वा दडवल्याचं जास्त.

खालापूरला असली लपवाछपवी नाही. टोलचा दर पाटीवरच असतो. १ एप्रिल २०२३ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीच्या २७०चे ३२० झाले. सव्वापटीला साडेसतरा रुपये कमीच! सरकारला लाज असते ती अशी.

जूनअखेर एका धबधब्याखालच्या टपरीवर पाण्याची बाटली घेतली. छापील २०, मागितले २५. "पाच गार करायचे." चोख सव्वाकी! छापील किमतीच्या वर पैसे घेणं वैधमापन कायद्याने गुन्हा आहे, हे मला तोंडपाठ. तरी पंचवीस मोजले, कारण बाटली खरंच गार होती.

'अव्वाच्या सव्वा' हे शब्द त्या दिवशी माझ्या तोंडून निघाले, पण ते तिथे नव्हे. संध्याकाळी कर्जत स्टेशनबाहेर, ठाकरवाडीहून शेवळं घेऊन आलेल्या मावशींपुढे निघाले. पहाटे रानात चिखल तुडवून खुडलेल्या जुडीवर किंमत कोण छापणार? आणि जिथे काही छापलेलं नसतं, तिथे आपल्याला बाजारभाव फार चांगला कळतो.

"काय मावशी, अव्वाच्या सव्वा सांगता!"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, दहा रुपये उतरवले आणि वर मूठभर काकडं फुकट घातली.

"ही टाका भाजीत. नाहीतर घसा खाजंल."