निद्रिस्त लॅपटॉप उठवण्याचा शास्त्रोक्त विधी

हा विधी फक्त लिनक्सधारकांसाठी आहे. इतरांनी झाकण मिटून जेवायला जावे.

प्रथम लॅपटॉप खरोखर झोपतो की झोपेचे सोंग घेतो, याचा निवाडा करावा. सिस्टीममध्ये ‘मेम_स्लीप’ नावाची एक इवलीशी फाइल असते, ती वाचावी. तीत ‘डीप’ आणि ‘एस२आयडल’ असे शब्द दिसतील. चौकटी कंसातला शब्द ही आपल्या यंत्राची सध्याची सवय. डीप म्हणजे एस३ ही खरी झोप. यात प्रोसेसर बंद असतो आणि रॅमला जीव धरून राहण्यापुरती वीज मिळते. एस२आयडलमध्ये कोणीच झोपत नाही, सगळे नुसते गप्प पडून राहतात. सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात, पण इथे खरी अडचण त्याला निजवण्याची आहे. एखादा ड्रायव्हर चुळबुळत राहिला की लॅपटॉप बॅगेत तापतो आणि मुक्कामी पोचेपर्यंत बॅटरी संपते.

डीप हा शब्दच नसेल तर लिनक्सला शिव्या देऊ नयेत. विंडोजला फोनसारखी जागती झोप हवी झाली, म्हणून अनेक कंपन्यांनी फर्मवेअरमधून एस३ काढून टाकले. २०१८ च्या थिंकपॅड एक्स१ कार्बनला पुढे बायोस अपडेटमधून ‘स्लीप स्टेट’ हा पर्याय मिळाला: एक झोप विंडोज १० ची, दुसरी लिनक्सची. तुमच्या बायोसमध्ये असे काही सापडल्यास कुलदैवताला नारळ फोडावा आणि लिनक्सची झोप निवडावी.

आता न उठणाऱ्याकडे वळू. पडदा काळा असेल तर घाबरून पॉवर बटण दाबू नये. आधी कॅप्स लॉक दाबावे. दिवा लागला तर कर्नल जागा आहे, फक्त तोंड दाखवत नाही. संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर धरावा, आणि कार्ड एनव्हिडियाचे असल्यास संशयाला पुरावाही मागू नये. दिवा लागलाच नाही तर बटण दाबून धरावे, यंत्र पुन्हा सुरू करावे आणि जर्नलसीटीएलने मागच्या बूटची नोंद काढावी. ‘सस्पेंड एंट्री’ आहे आणि ‘सस्पेंड एक्झिट’ नाही, म्हणजे घटना झोपेतच घडली.

साक्षीदार नसेल तर ‘पीएम_टेस्ट’ची रंगीत तालीम घ्यावी. फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोअर अशा पायऱ्या आहेत. निवडलेल्या पायरीपर्यंत यंत्र उतरते, पाच सेकंद थांबते आणि परत येते. ज्या पायरीवरून परत येत नाही, तिथे चोर आहे.

तरीही चोर सापडला नाही तर ‘पीएम_ट्रेस’ हे अघोरी अस्त्र आहे. २००६ मध्ये ते खुद्द लिनस टोरवाल्ड्सने लिहिले. अडचण अशी, की उठताना यंत्र गोठले तर शेवटचा शब्द लिहायचा कुठे? रॅम पुसली जाते आणि डिस्क अजून जागी झालेली नसते. रीबूटनंतरही टिकते ते फक्त घड्याळ. म्हणून कर्नल आपला मृत्युलेख घड्याळात, तारीख-वेळेच्या रूपाने लिहून ठेवतो! घड्याळ मात्र चालतच असते, त्यामुळे गोठल्यापासून साधारण तीन मिनिटांत रीबूट करावे लागते, नाहीतर काटे पुढे सरकून मजकूर बिघडतो. मग डीमेसेजमध्ये ‘हॅश मॅचेस’ ही ओळ शोधावी. तिथे ड्रायव्हरचे नाव निघते, कधी एकदम दोन-तीन नावेही निघतात. अशा वेळी एकेक मॉड्यूल काढून लॅपटॉप पुन्हा निजवून पाहावा.

या काळात यंत्रावर भलतीच तारीख असू शकते. ती दुरुस्त होईपर्यंत बँकेची वेबसाइट उघडू नये. तारीख जुळत नाही म्हणून ब्राउझर तिचे प्रमाणपत्र नाकारेल आणि तुम्ही विनाकारण बँकेला फोन लावाल.